अर्धवट राहिलेल्या धावेचा जीर्णोद्धार

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं अफाट मैदान आहे. तिथे 12 ऑगस्ट 2018 रोजी एका लांबलचक, निमुळत्या गाडीने ताशी 450.909 मैलांचा वेग नोंदवला. आदल्या दिवशीच्या धावेत तिचा वेग 446.605 मैल होता. दोन्हींची सरासरी निघाली 448.757 मैल, म्हणजे ताशी सुमारे 722 किलोमीटर. या वेगाने एक मैल ओलांडायला आठ सेकंद लागतात. पिस्टनच्या इंजिनावर आणि स्वतःच्या चाकांच्या जोरावर पळणाऱ्या कोणत्याही गाडीने तोवर असा विक्रम केला नव्हता. गाडीचं नाव चॅलेंजर 2, चालक डॅनी थॉम्पसन. गाडी बांधली होती त्यांच्या वडिलांनी, मिकी थॉम्पसन यांनी, 1968 साली.

एखादी गाडी आपल्या वयाच्या पन्नासाव्या वर्षी आयुष्यातला सर्वांत मोठा वेग गाठते, ही गोष्ट कळल्यापासून मला जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीकडे वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटू लागलं. आपल्याकडे विंटेज गाडी म्हटलं की मुंबईच्या रॅलीतल्या, कधीकाळी संस्थानिकांच्या दारात उभ्या असलेल्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. त्या गाड्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्याचं उद्दिष्ट ठरलेलं असतं: कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी गाडी जशी होती, तशी ती पुन्हा करायची. पण वेगाच्या विक्रमासाठी तरुण पोरांनी गॅरेजात कापून-जोडून बांधलेल्या हॉट रॉडला असा दिवस नसतो. मग तिला परत न्यायचं ते नेमकं कुठे? या प्रश्नाला गेल्या तीसेक वर्षांत अमेरिकेत निरनिराळी उत्तरं दिली गेली. त्यांतली तीन मला फार मोलाची वाटतात.

तळ्याच्या तळावर

या गाड्यांचं मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात आहे. म्युरॉक, एल मिराज अशी तिथली तळी पावसाळा सोडला तर कोरडी ठणठणीत असतात आणि त्यांचा तळ मैलोनमैल सपाट, टणक चिकणमातीचा असतो. लॉस एंजेलिस परिसरातली मुलं शनिवारी रात्री तिकडे निघत आणि पहाटे, वारा सुटायच्या आत, आपापल्या गाड्या पळवून बघत. 1932 साली फोर्डने सामान्य माणसाच्या आवाक्यातली व्ही-8 गाडी बाजारात आणली. इंजिन 221 घनइंचांचं, ताकद 65 अश्वशक्तीची. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आणि भंगारात स्वस्तात मिळू लागल्या, आणि या पोरांना हवा तो कच्चा माल मिळाला. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, ही संस्था उभी केली. वेळ मोजण्याची आणि सुरक्षिततेची शिस्त तिने घातली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेलं, शर्यती एल मिराजला सरकल्या आणि 1949 च्या ऑगस्टपासून बॉनव्हिलच्या मिठावर स्पीड वीक हा वेगाच्या धावांचा मेळा भरू लागला.

गाडी बांधण्याची रीत साधी होती: वेगाला मदत न करणारं जे जे असेल ते काढून टाकायचं. मडगार्ड, बंपर, मागची सीट सगळं बाहेर. छताचे खांब मधून कापून छत काही इंचांनी खाली आणायचं, की वाऱ्याला कमी अंग दिसेल. बॉडी उचलून चासीवर आणखी खाली बसवायची. इंजिनाचे सिलिंडर बोअर करून मोठे करायचे, कॅमशाफ्ट बदलायचा, एकाऐवजी दोन-तीन कार्बोरेटर लावायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांच्या पोटाखाली लटकवायच्या जादा इंधनाच्या टाक्या लष्कराच्या भंगारात विकायला आल्या. बिल बर्क यांनी 1946 मध्ये अशा टाकीतच गाडी बसवली. हवा कापण्यासाठी विमान-इंजिनिअरांनी आधीच घडवलेला थेंबासारखा आकार त्यांना आयता मिळाला. अॅलेक्स झिडियास यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची अशीच गाडी 1952 मध्ये बॉनव्हिलला ताशी 198 मैलांपर्यंत पोहोचली.

या गाड्या कधीच पूर्ण झाल्या नाहीत, हे त्यांचं खरं वैशिष्ट्य. प्रत्येक हंगामात काहीतरी बदलायचं. एका गाडीतलं इंजिन दुपारी उतरवून दुसरीत बसवायचं आणि दोन वेगवेगळ्या वर्गांत धावायचं, हेही चालायचं. कंपनीचा आराखडा नाही, सुट्या भागांचे क्रमांक नाहीत. चाळीस-पन्नास वर्षांनी अशी गाडी एखाद्या शेडमध्ये सापडते तेव्हा तिच्यावर तीन मालकांचे तीन रंग, दोन पिढ्यांची वेल्डिंग आणि चौथ्याच गाडीचा मागचा अॅक्सल असतो.

म्हणून कारागिराला आधी शोधाशोध करावी लागते. तो जुने फोटो गोळा करतो. जानेवारी 1948 पासून निघू लागलेल्या ‘हॉट रॉड’ मासिकाचे अंक भिंगाखाली धरतो. वेग नोंदवल्यावर एससीटीए जे धातूचे छोटे टॅग देई, ते डॅशबोर्डवर कुठे ठोकलेले होते ते पाहतो. पॉलिश पेपरने रंगाचा एकेक थर उतरवत खालचा मूळ रंग गाठतो. पत्र्यात भरलेलं शिसं वितळवून छत नेमकं कुठे कापलं होतं ती रेषा शोधतो. आणि मग त्याच्यापुढे खरी अडचण येते. वीस वर्षांच्या पोराने घाईत मारलेली ओबडधोबड वेल्डिंग समोर आहे. आज त्याच जागी कितीतरी देखणा सांधा देता येईल. द्यावा का? माझं मत स्पष्ट आहे: तो सांधा सुरक्षिततेच्या आड येत नसेल तर जसा आहे तसा राहू द्यावा, कारण त्या पोराच्या हाताची ती सहीच आहे.

पहिलं उत्तर: एक दिवस निवडणं

बॉब आणि डिक पिअरसन या भावांची 1934 च्या फोर्डची कूपे हॉट रॉडच्या जगात प्रत्येकाला ठाऊक आहे. छत इतकं खाली आणलेलं की खिडक्यांच्या जागी फटीच उरल्या, आणि समोरची काच जवळजवळ 50 अंशांत मागे झुकवलेली. एडलब्रॉकच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेलं फ्लॅटहेड व्ही-8 इंजिन घेऊन ही गाडी कोरड्या तळ्यांवर ताशी 150 मैलांच्या आसपास पळत होती. एप्रिल 1950 च्या ‘हॉट रॉड’च्या मुखपृष्ठावर ती झळकली. पुढे ती हातोहात फिरली, तिचे रंग आणि रूप बदलत गेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संग्राहक ब्रूस मायर यांनी ती कारागीर पीट चापोरिस यांच्याकडे जीर्णोद्धारासाठी सोपवली. गाडीचा एक काळ निवडण्यात आला, ती मुखपृष्ठावर होती तो, आणि लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांसह ती त्या काळात परत नेण्यात आली.

या एका कामाने पुष्कळ काही बदललं. तोवर हॉट रॉड म्हणजे भंगारातून केलेली पोरांची खटपट, असं प्रतिष्ठित संग्राहकांच्या वर्तुळात मानलं जाई. 1997 मध्ये पेबल बीचच्या सुप्रसिद्ध प्रदर्शनात, जिथे बुगाटी आणि ड्यूसेनबर्ग यांचा मान असतो, प्रथमच ऐतिहासिक हॉट रॉडचा वर्ग ठेवला गेला. पहिलं बक्षीस मिळालं ते डोन स्पेन्सर यांनी बांधलेल्या 1932 च्या फोर्ड रोडस्टरला. तिचाही जीर्णोद्धार मायर यांच्यासाठी चापोरिस यांच्या कारागिरांनी केला होता. कामगारवस्तीतल्या गॅरेजची कारागिरी त्या दिवशी कलावस्तू म्हणून मान्य झाली. ती मान्यता उशिरा मिळाली, पण न्याय्य होती.

दुसरं उत्तर: आहे ते जपणं

बॉब आणि बिल समर्स या भावांची गोल्डनरॉड ही वेगळ्या जातीची गाडी. लांबी 32 फूट, रुंदी जेमतेम 4 फूट, आत क्रायस्लरची चार हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाची) इंजिनं एकामागे एक आणि ताकद चारही चाकांना. 12 नोव्हेंबर 1965 रोजी बॉब समर्स यांनी बॉनव्हिलवर 409.277 मैलांची सरासरी गाठली. तोवर जेट इंजिनाच्या गाड्या याहून पुढे निघून गेल्या होत्या. पण जेटची गाडी मागच्या झोताने ढकलली जाते. तिची चाकं नुसती फिरतात, जमिनीला धरून जोर लावत नाहीत. चाकांनी जमीन पकडून मिळवलेल्या वेगाची प्रतिष्ठा हॉट रॉडवाल्यांच्या लेखी निराळीच राहिली. गोल्डनरॉडचा आकडा ओलांडायला 1991 उजाडावं लागलं. अल टीग यांनी तेव्हा 409.986 मैलांची नोंद केली. सव्वीस वर्षांनी फरक पडला तो मैलाच्या तीन-चतुर्थांशाहूनही कमी.

2002 मध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने गोल्डनरॉड विकत घेतली, तेव्हा बॉनव्हिलच्या मिठाने तिला आतून खाल्लेलं होतं. मिठाची बारीक धूळ प्रत्येक सांध्यात शिरते, हवेतला ओलावा धरते, आणि जिथे पोलादाचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या पत्र्याला टेकलेला असतो तिथे दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते. तिच्यात अॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी पूड होते. वरून चकचकीत दिसणारा पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो. मॅग्नेशियमच्या चाकांची गत याहून वाईट. म्हणून मिठावरून परतलेली गाडी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतल्याशिवाय कुठलीही जाणकार टीम झोपायला जात नाही. संग्रहालयाने केंद्र सरकारच्या वारसा-संवर्धन निधीची मदत घेऊन ही गाडी उकलली, गंज थांबवला आणि जास्तीत जास्त मूळ धातू जपत ती पुन्हा जोडली. आता ती संग्रहालयात उभी असते आणि धावणार नाही. तिचा मूळ धातू हाच तिचा पुरावा आहे, आणि एका चुकीच्या धावेत तो कायमचा जाऊ शकतो. हेही उत्तर मला पटतं.

तिसरं उत्तर: राहिलेलं पुरं करणं

चॅलेंजर 2 ला मात्र परत नेण्यासारखा दिवसच नव्हता.

मिकी थॉम्पसन 1928 साली कॅलिफोर्नियात जन्मले. लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात पाळी करून ते उरलेल्या वेळात गाड्या बांधत. 1960 मध्ये त्यांनी पाँटिअॅकची चार व्ही-8 इंजिनं एका चासीत बसवून चॅलेंजर 1 ही गाडी केली. त्या वेळी जमिनीवरच्या वेगाचा विक्रम इंग्लंडच्या जॉन कॉब यांच्या नावावर होता, 1947 चा, 394.196 मैलांचा. 9 सप्टेंबर 1960 रोजी मिकींनी जाताना 406.60 मैल गाठले. ताशी 400 मैल ओलांडणारे ते पहिले अमेरिकन. पण आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका तासाच्या आत उलट दिशेनेही धावावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात. परतीच्या धावेत गाडीने दगा दिला. वेग गाठला होता, विक्रम मात्र हातात आला नाही.

आठ वर्षांनी फोर्डच्या पाठबळावर त्यांनी चॅलेंजर 2 बांधली. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं अंग, आत क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांचा सांगाडा, चारही चाकांना ताकद, आणि दोन इंजिनं: फोर्डची 427 घनइंची, सिलिंडरच्या डोक्यावर कॅमशाफ्ट असलेली. या इंजिनाची टायमिंग चेनच सुमारे 7 फूट लांब असे. 1968 च्या हंगामात बॉनव्हिलवर पाऊस पडला. मैदानावर पाणी साचलं, मीठ मऊ झालं, आणि विक्रमाचा प्रयत्न होऊ शकला नाही. पुढच्या वर्षी फोर्डने शर्यतींवरचा खर्च आवरला आणि गाडी गोदामात गेली. वीस वर्षांनी, 1988 च्या आरंभी, ती बाहेर काढून मुलाने चालवायची असं बापलेकांनी ठरवलं. त्याच वर्षी 16 मार्चला मिकी आणि त्यांच्या पत्नी ट्रूडी यांचा घराच्या अंगणात खून झाला. गाडी पुन्हा झाकली गेली.

2010 च्या सुमारास, वडिलांच्या 406 मैलांच्या धावेला पन्नास वर्षं होत असताना, डॅनींनी ती उघडली. ती 1968 च्या रूपात चकचकीत करून एखाद्या संग्रहालयाला देणं सोपं होतं. त्यांनी ती धावण्यासाठी तयार करायला घेतली.

त्यासाठी काय काय लागतं ते समजून घेण्यासारखं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. 400 मैलांवरून 450 वर जायचं तर वेग साडेबारा टक्के वाढतो, ताकद मात्र बेचाळीस टक्के जास्त लागते. 1968 ची इंजिनं त्याला पुरी पडली नसती. डॅनींनी दोन हेमी व्ही-8 इंजिनं बसवली आणि दोन्ही मिळून सुमारे 5,000 अश्वशक्ती काढली. इंधन नायट्रोमिथेन. एक किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला 1.7 किलो पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. इंजिनांच्या ब्लॉकमध्ये थंडाव्यासाठी पाण्याच्या वाटाच नाहीत. धाव मिनिटा-दोन मिनिटांत संपते, आणि भरपूर ओतलेलं इंधनच वाफ होताना इंजिनाची उष्णता घेऊन जातं. पाण्याच्या वाटा नसल्याने ब्लॉक भरीव राहतो आणि एवढा दाब सोसतो.

टायरांचं गणित तर अंगावर काटा आणणारं आहे. 30 इंच व्यासाचं चाक ताशी 450 मैलांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेवरच्या एका ग्रॅम रबराला बाहेर खेचणारा जोर दहा किलो वजनाहून जास्त होतो. म्हणून या टायरांवर नक्षीदार जाड रबर नसतं, असतो तो नुसता पातळ थर. जाड थर स्वतःच्या ओढीनेच सोलून निघाला असता. जुन्या सांगाड्याचीही कसून परीक्षा घ्यावी लागते. पोलादातल्या बारीक भेगा चुंबकीय चूर्णाने शोधतात, अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियममधल्या रंगीत द्रव झिरपवून. चालकाभोवतीचा पिंजरा, पट्टे, आग विझवणारी यंत्रणा, पॅराशूट हे सगळं आजच्या नियमांना उतरावं लागतं. त्याशिवाय तपासनीस गाडीला मिठावर उतरूच देत नाहीत.

गाडी तयार होत आली तेव्हा मीठच तयार नव्हतं. 2014 चा स्पीड वीक पावसाने बुडाला, 2015 चा खराब पृष्ठभागामुळे रद्द झाला. 2016 मध्ये चॅलेंजर 2 धावली. 411.191 आणि 402.348, सरासरी सुमारे 406.8 मैल. आपल्या वर्गातला विक्रम तिने मोडला. वडिलांची 1960 मधली अपुरी धाव 406.60 मैलांची होती. छप्पन्न वर्षांनी मुलगा त्याच आकड्यावर येऊन उभा राहिला, आणि या वेळी दुसरी धावही पुरी झाली. मग आलं 2018. एससीटीएच्या नियमानुसार विक्रमाच्या वर वेग नोंदवला की गाडी राखीव आवारात नेतात. तिथे दुरुस्तीला चार तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावावं लागतं. चार तासांत नायट्रोने तापून निघालेली दोन इंजिनं उघडून, तपासून, पुन्हा बंद करणं हे त्या टीमचं खरं कसब. दुसरी धाव पहिलीपेक्षा चार मैलांनी जास्त वेगवान ठरली, यातच त्यांच्या कामाची पावती आहे.

इंजिनं बदलली, टायर बदलले, मग ही तीच गाडी कशी, असा आक्षेप घेतला जातो. मला तो टिकणारा वाटत नाही. मिकींनी ठरवलेला आकार, त्यांच्या कारागिरांनी घडवलेलं अंग, नळ्यांचा सांगाडा आणि दोन इंजिनांची मूळ कल्पना हे सगळं तेच होतं. 1968 मध्ये पाऊस पडला नसता तर मिकींनी स्वतःही पुढच्या हंगामात इंजिनं बदललीच असती, कारण या परंपरेत गाडी अशीच जगते. ती 1968 मध्ये गोठवून ठेवली असती तर तिच्या अपयशाचाच दिवस जपला गेला असता.

जमिनीचा जीर्णोद्धार

विक्रम टिकत नाहीत. 2020 मध्ये जॉर्ज पोटीट यांच्या स्पीड डेमन गाडीने 470.016 मैलांची सरासरी गाठली. मग आठ वर्षांच्या या खटाटोपातून काय उरलं? उरली ती विद्या. नायट्रोचं मिश्रण त्या दिवशीच्या हवेनुसार किती ठेवायचं, क्लच कधी धरू द्यायचा, मीठ पायाखाली दाबून त्याचा टणकपणा कसा ओळखायचा, हे पुस्तकात पूर्ण सापडत नाही. ते धावणाऱ्या गाडीभोवतीच एका हातातून दुसऱ्या हातात जातं. पिअरसन बंधूंची कूपे आपल्याला त्या पोरांची नजर दाखवते, गोल्डनरॉड त्यांचा धातू जपते, आणि चॅलेंजर 2 ने त्यांचं काम चालू ठेवलं. एखाद्या परंपरेला ही तिन्ही लागतात. पण तिसरं सर्वांत महाग आणि धोक्याचं असल्याने सर्वांत कमी होतं, म्हणून त्याची बाजू मी अधिक जोराने घेतो.

त्या कामाला जमीन लागते, आणि ती जमीन आक्रसत आहे. बॉनव्हिल हा हिमयुगातल्या एका विशाल सरोवराचा उरलेला तळ. हिवाळ्यात त्यावर उथळ पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि मिठाचा नवा, सपाट थर बसतो. शतकभरापासून या परिसरात पोटॅश काढण्यासाठी चर खणून खारं पाणी ओढलं जातं. पोटॅश विकलं जातं, आणि त्या पाण्याबरोबर आलेलं मीठ मूळ जागेपासून दूर पडून राहतं. 1997 ते 2002 दरम्यान खारं पाणी उलट मैदानावर सोडून सुमारे 62 लाख टन मीठ परत देण्यात आलं, तरी 2014, 2015 आणि 2022 या तीन वर्षी स्पीड वीक भरू शकला नाही. कधी पाऊस आडवा आला, कधी मिठाचा थरच धावण्याजोगा नव्हता. ही जमीन सरकारच्या मालकीची आहे, ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत 1975 पासून आहे आणि 1985 पासून विशेष संरक्षणाखाली आहे. यादीत नाव असलं म्हणून मीठ जाड होत नाही. मुलाने वडिलांची गाडी पन्नास वर्षांनी उभी करून दाखवली. आता ज्यांनी या मैदानातून मीठ नेलं आणि ज्यांनी नेऊ दिलं, त्यांनी ते परत आणण्याचं काम थांबवता कामा नये.